समासातले शेरे

मी एका सरकारी कचेरीत, धरणाच्या पाण्याच्या विभागात, चौतीस वर्षं नोकरी केली. त्या चौतीस वर्षांत एकदाही 'सहमत' असा शेरा लिहिला नाही. सहमत व्हायला वर साहेब होते. माझ्या टेबलावर आलेल्या कागदावर मी 'पाहिले', 'असहमत' किंवा 'खुलासा करावा' यांपैकी काहीतरी लिहायचो, खाली 'मा.खां.' अशी सही, शेजारी तारीख, की फाईल पुढे. मा.खां. म्हणजे माधव खांबेटे. पुढे गेलेली फाईल पुन्हा उघडून बघायची मला सवय नव्हती, आणि हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

पुस्तकांच्या बाबतीतही मी हेच केलं. हातात पेन्सिल नसेल तर मला वाचल्यासारखं वाटतच नाही. आमच्या एरंडवण्यातल्या घरात पुस्तकांची दोन लोखंडी कपाटं आहेत आणि एकाच्या कडीला सुतळीने पेन्सिल बांधलेली आहे, कारण सुटी पेन्सिल आमच्याकडे टिकत नाही. बांधलेलीही फार टिकायची नाही. मी लिहायचो त्याच्या दुप्पट वेगाने ती झिजायची. त्याबद्दल मी पेन्सिलवाल्यांना एकदा खरमरीत पत्रही टाकलं होतं, त्यांचं उत्तर आलं नाही. रहस्यकथेच्या समासात 'खुनी कोण ते पान ४० वरच समजले. वाचकास मूर्ख समजू नये. मा.खां., ३/६/८७' असे माझे शेरे असायचे. जागा उरली तर घरचंही लिहायचो. 'केदारला ताप १०२. येथे थांबलो.' रोजनिशी लिहिणारा माणूस मी नव्हे. चांगला कोरा कागद स्वतःवर कशाला खर्च करायचा?

माझी बायको मंदाकिनी मात्र पुस्तक उघडते ती झोपण्यासाठी. दुपारी मागचं आवरलं की कपाटातून एक काढते, आडवी होते, आणि दोन पानांत पुस्तक छातीवर. निदान माझा तसा समज होता.

तर यंदा आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली. जुनी इमारत पाडणार, नवी बांधणार, तोवर तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं. आमच्या मुलाने, केदारने, जवळच एक घर बघून ठेवलं होतं. आम्ही दोघं, केदार आणि सूनबाई रुपाली असे चौघं त्यात मावत होतो. कपाटं मावत नव्हती. हे तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून केदार एका रविवारी पाटीएवढं एक काळं यंत्र घेऊन आला.

"बाबा, हा ई-बुक रीडर. ह्यात हजारो पुस्तकं बसतात. माझंच अकाउंट टाकलंय, त्यामुळे आमची सगळी पुस्तकं तुम्हाला आयती दिसतील. एक महिना जेन्युइनली वापरा आणि मला प्रॉपर फीडबॅक द्या. आवडलं तर कपाटं रिकामी करू."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर बघू."

"केदार, चौतीस वर्षं मी लोकांना 'बघू' म्हणत आलोय. 'बघू' म्हणजे काय ते मला शिकवू नकोस."

"अहो, महिनाभर हातात तर धरा," मंदाकिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "नाही म्हणायला काय, तुम्हाला अजून आयुष्य पडलंय."

मी कबूल झालो. मनात पक्कं ठरवलं की महिना संपला की या यंत्राचे तोटे असे वाचून दाखवायचे की पुन्हा कपाटाकडे कोणी वाकड्या नजरेने बघता कामा नये. आपण हटवादी नाही हे दिसावं म्हणून चाळीस पुस्तकं स्वतःहून काढली. जुन्या मार्गदर्शिका, शेतीची पुस्तकं, कोणी बळेच भेट दिलेलं काही. त्यांचा गठ्ठा सुतळीने बांधला, वर 'निर्गत करावे' अशी चिठ्ठी लावली आणि महिन्याच्या शेवटी येणाऱ्या रद्दीवाल्यासाठी दाराशी ठेवला.

दुसऱ्याच दिवसापासून मी चहाच्या वेळी तोटे सांगायला सुरुवात केली. पुस्तक किती उरलं ते जाडीवरून कळत नाही, त्याऐवजी कोपऱ्यात टक्के दाखवतात, वाचतोय की परीक्षा देतोय? याला कव्हर घालता येत नाही. यात बसचं तिकीट ठेवता येत नाही. घरी आलेल्या माणसाला आपण काय वाचलंय ते दिसत नाही, मग वाचून उपयोग काय? आणि ऐन रंगात आलं की म्हणे चार्जिंग संपलं. पुस्तकाचं कधी चार्जिंग संपलेलं ऐकलंय?

"शिवाय हे कोणाला वाचायला देता येत नाही," मी म्हणालो.

"तुम्ही कोणाला कधी पुस्तक दिलंयत?" मंदाकिनीने विचारलं.

"तो प्रश्न नाही."

रुपाली हे सगळं हसू दाबून ऐकायची. ती अमरावतीची. लग्नाला पाच वर्षं झाली, हिंजवडीला नोकरी, जाता-येता कंपनीच्या बसमध्ये तीन तास. पाच वर्षांत आमचं बोलणं म्हणजे "चहा घेता का बाबा" आणि "घेतो". तिला वाटायचं, मी रागीट आहे. मला वाटायचं, ती कामात आहे. दोघांचंही थोडंफार बरोबर होतं.

आता खरं सांगतो. यंत्र मला पहिल्याच आठवड्यात आवडलं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून मुहूर्त लागलेला नाही. दोन वर्षं मी भिंग घेऊन वाचत होतो आणि घरात सांगत होतो की हल्ली लेखक बरे लिहीत नाहीत म्हणून वाचन कमी झालंय. या यंत्रावर अक्षर बोराएवढं करता येतं. उताणं झोपून सहाशे पानांची कादंबरी वाचली तरी ती नाकावर पडत नाही. आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे शेजारच्या अभय गोरेंना ते मागता येत नाही. त्यांनी माझी तीन पुस्तकं नेऊन अकरा वर्षं झाली. हा फायदा त्या कंपनीने जाहिरातीत का घातला नाही, कळत नाही. पुण्यात दुसऱ्या जाहिरातीची गरज पडली नसती.

पण हे बोलायचं कोणापाशी? बोललो की कपाटं गेली. मग मला एक सोय सापडली. ओळीवर बोट दाबून धरलं की यंत्र टीप लिहायला जागा देतं. म्हणजे समास! मी एका बोटाने टायपत पहिला शेरा टाकला. कादंबरी ऐतिहासिक होती, तिचा नायक ऐन पुरात मुठा नदीत घोडा घालत होता. मी लिहिलं: 'एवढ्या पुरात घोडा पलीकडे जाणे अशक्य. विसर्गाचा आकडा द्यावा. असहमत. मा.खां.'

दोन दिवसांनी सहज मागे गेलो, तर पुढच्याच ओळीवर एक टीप होती. मी न लिहिलेली. 'त्या काळी खडकवासला धरण नव्हते. विसर्ग कोण मोजणार होते? खुलासा करावा.'

मी चष्मा पुसला. कोणीतरी मला खुलासा मागत होतं! निवृत्तीनंतर बारा वर्षांत माझ्याकडे कोणी खुलासा मागितला नव्हता. मला वाटलं, या यंत्राच्या कंपनीत असा विभाग असणार. लोक टिपा लिहितात, त्या कुठेतरी जमा होतात, तिथे कोणी अधिकारी बसून त्या वाचतो आणि शेरा मारतो. आमच्याकडे हीच पद्धत होती. एवढं व्यवस्थित काम बघून मला फार बरं वाटलं. मी खुलासा पाठवला आणि खाली यंत्राविषयीचा अनुभवही लिहून कळवला. अक्षराबद्दल लिहिलं, नाकाबद्दल लिहिलं, गोरेंबद्दल लिहिलं. 'सबब यंत्र उत्तम आहे. ही माहिती गोपनीय ठेवावी, विशेषतः माझ्या घरच्यांपासून.'

उत्तर आलं. 'यंत्र आवडते, तर घरी नाही म्हणून काय सांगून राहिले? सविस्तर लिहावे.'

'सांगून राहिले' वाचून मी ताडलं की कंपनीचं मुख्य कार्यालय नागपूरला असावं. बरंही वाटलं, सगळं काही पुण्या-मुंबईतच कशाला हवं? आता तुम्ही म्हणाल, घरात अमरावतीची सून, अकाउंट मुलाचं, 'आमची सगळी पुस्तकं' हे त्याने स्वतः सांगितलेलं, तरी या माणसाच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? नाही पडला. आपलं कोणीतरी वाचतंय या आनंदात होतो, चौकशी कशाला करतो!

मग मी सविस्तर लिहिलं. एका बोटाने, चार दिवस, रोज थोडं थोडं.

'मा. महोदय, कपाटातली पुस्तके मी वाचून संपवलेली आहेत. ती पुन्हा वाचण्याइतकी माझी दृष्टी राहिलेली नाही. तरी ती जाऊ नयेत असे वाटते, याचे कारण कोणास सांगितलेले नाही. माझा मुलगा पहिल्यांदा चालला त्या दिवशी मी खुर्चीत वाचत बसलो होतो. हातात पेन्सिल होती. मी ते समोरच्या पुस्तकाच्या समासात लिहिले. कोणत्या पुस्तकाच्या, ते आठवत नाही. त्यावेळी फोटो काढलेला नाही, कॅमेरा नव्हता. एवढा एकच कागद आहे. तो कुठे आहे हे ठाऊक नसल्याने एकही पुस्तक टाकवत नाही. आपल्या यंत्रात शब्द घातला की क्षणात पान सापडते. माझ्या कपाटाला ती सोय नाही. भिंग घेऊन शोधू लागलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून खोटे बोलत आहे. कळावे. मा.खां.'

लिहून झालं आणि माझे डोळे भरून आले. मोतीबिंदूमुळे असेल असं म्हणणार होतो, पण त्यामुळे नव्हतं.

त्यावर उत्तर आलं नाही. चार दिवस झाले, पाच झाले. मी दिवसातून दहा वेळा यंत्र उघडायचो. प्रकरण वर गेलं असेल, अशी स्वतःची समजूत घालायचो. त्याच सुमारास रुपाली दोन दिवस घरूनच काम करत होती आणि एकसारखी शिंकत होती. ओढणीला धूळ, केसांत जळमट.

"सुंठ घाल चहात," मी म्हणालो.

"हो बाबा," ती म्हणाली आणि शिंकत आत गेली. आमच्या मानाने तो दीर्घ संवाद होता.

महिना संपला तो रविवार उजाडला. मंदाकिनी थालीपिठं लावत होती. तीही तव्यावर लक्ष ठेवून ऐकू शकेल असं टेबल मी स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं आणि तोट्यांचं निवेदन वाचायला उभा राहिलो. कागदावर अकरा मुद्दे होते. सहाव्या मुद्द्यापर्यंत आलो, तेव्हा केदारने मान खाली घातली.

"बाबा, तुमचा फीडबॅक घेतला. पण प्रॅक्टिकली सांगू? त्या घरात खरंच जागा नाहीये. मी दोनदा मेजर टेप घेऊन जाऊन आलो. काय करू, तुम्हीच सांगा."

तो चिडला असता तर मी भांडलो असतो. तो चिडला नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. माझ्याकडे अजून पाच मुद्दे होते. मी कागदाची घडी घातली. कपाटं जाणार हे मला कळलं.

"बाबा," रुपाली म्हणाली. तिने एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "कंपनीचं उत्तर आलंय."

ते उसाच्या लागवडीचं पुस्तक होतं. लोणी काळभोरच्या एका ओळखीच्या बागायतदाराने मला कधीकाळी दिलेलं. मी स्वतः काढलेल्या चाळिसांतलं, रद्दीच्या गठ्ठ्यातलं!

"कुठली कंपनी?" केदारने विचारलं.

मी रुपालीकडे बघितलं. मला सगळं एकदम समजलं आणि कान तापले. नागपूर! गोपनीय ठेवावी! या पोरीने माझं एकूण एक अक्षर वाचलं होतं, आणि रोज चहाच्या वेळी माझी तोट्यांवरची भाषणं निमूट ऐकून घेतली होती.

"माझीच कादंबरी होती ती, बसमध्ये वाचून राहिली होती मी," ती घाईघाईने म्हणाली. घाईत असली की तिची अमरावती बाहेर येते. "मधेच 'असहमत' दिसलं. आधी गंमत म्हणून उत्तर दिलं. मग तुम्ही एवढं मनापासून लिहायला लागले, की सांगायचं कसं तेच समजेना. मी सांगणार होती बाबा, खरंच. मग ते चालण्याचं वाचलं. रद्दीवाला रविवारी येणार, म्हणून आधी तो गठ्ठा सोडला. अडतिसावं पुस्तक हे."

म्हणजे मी पुस्तकं वाचवायला महिनाभर खोटं बोललो, आणि जे वाचवायचं ते पहिल्याच दिवशी माझ्या हाताने बांधून, वर चिठ्ठी लावून दाराशी ठेवलं. मला रागवायचं होतं, पण कोणावर ते ठरेना.

रुपालीने खूण घातलेलं पान उघडलं. अक्षर मुंगीएवढं, पेन्सिल पुसट. मला काही दिसेना. मी पुस्तक केदारकडे सरकवलं.

केदारने वाचलं, "'केदार आज चालला. खुर्चीकडून कपाटाकडे. चार पावले. पाहिले. मा.खां., १४/२/९१.'" त्याचं बोट ओळीवरून खाली सरकलं.

"खाली आणखी आहे, बाबा. अक्षर वेगळं आहे." त्याने पान खिडकीकडे धरलं. "'पाच. तुम्ही पुस्तकातून मान वर केलीत, तोवर एक होऊन गेलं होतं. मं.'"

आम्ही तिघांनी तव्याकडे बघितलं. मंदाकिनी थालीपीठ उलटत होती.

"हे तू कधी लिहिलंस?" मी विचारलं.

"त्याच दिवशी दुपारी."

"मला सांगायचं नाहीस?"

"लिहिलं की. पुढे गेलेली फाईल तुम्ही पुन्हा उघडत नाही, त्याला मी काय करू?"

"एकच आहे की आणखी?"

मंदाकिनीने थालीपिठावर लोणी ठेवलं. उत्तर रुपालीने दिलं. "ह्या अडतिसांतल्या एकोणीस पुस्तकांत आईंचं आहे, बाबा. तुम्ही लिहिलं 'लेखक कंटाळवाणा', खाली आईंनी लिहिलं 'तुम्ही स्वतः कोण?' एका ठिकाणी तुमचं 'आज उशीर झाला', त्याखाली 'वाट बघून जेवले'. कपाटांना तर मी अजून हातच नाही लावला."

मी खुर्चीत बसलो. एकोणचाळीस वर्षांचा संसार. मी शेरे मारत गेलो, तीही मारत गेली, आणि मला वाटत होतं की ती झोपते. पेन्सिल दुप्पट का झिजायची तेही कळलं. त्या पेन्सिलवाल्यांची मनातल्या मनात माफी मागितली. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खालून, खरं सांगायचं तर, इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा समजेना.

केदार पान मिटायला तयार नव्हता. "त्याच भाड्यात मोठं घर मिळतं," तो म्हणाला. "कपाटं बसतील. पण ते कात्रजला आहे, बाबा. म्हणून मी तुम्हाला बोललोच नाही."

पुणं स्वारगेटला संपतं, असं मी जन्मभर सांगत आलो. कात्रजला मी लहानपणी सहलीला गेलो होतो, डबा घेऊन.

"कात्रज चालेल," मी म्हणालो.

मंदाकिनीच्या हातातलं उलथणं तव्यावर तसंच राहिलं.

"आणि यंत्र परत द्यायचं ना?" केदारने विचारलं. "एवढे तोटे आहेत तर."

"यंत्र राहू दे. अक्षर मोठं होतं. तोटेही खरे आहेत, फायदेही खरे आहेत. फायद्यांचा तपशील रुपालीकडे मिळेल."

"गोपनीय आहे," रुपाली म्हणाली.

मी उसाचं पुस्तक उचललं आणि कपाटाशी गेलो, कारण पेन्सिल तिथेच बांधलेली. ती पुन्हा अर्धीच उरली होती. सुतळी ताणून, पुस्तक गुडघ्यावर टेकवून, दिसत नव्हतं तरी अंदाजाने, मंदाकिनीच्या ओळीखाली मी लिहिलं. हा शब्द लिहायची सवय नव्हती. मग पुस्तक तसंच उघडं नेऊन तव्याशेजारी तिच्यासमोर धरलं.

तिने पदराला हात पुसले, चष्मा वर सरकवला आणि वाचलं. 'सहमत. मा.खां.' बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली. थालीपीठ करपल्याचा वास आला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.